मीठ खाणारा कापूस

ज्या मातीत मीठ शिरतं, तिथून आधी पीक जातं, मग माणूस जातो आणि सगळ्यात शेवटी संस्कृती जाते.

हे वाक्य माझं आहे. आमच्या विभागप्रमुखांना एका परिसंवादात बोलायचं होतं, आणि मराठी माणूस म्हणजे वाचणारा माणूस असा त्यांचा का कोण जाणे समज होता, म्हणून भाषण लिहायचं काम माझ्याकडे आलं. वाक्य त्यांना इतकं आवडलं की पुढे ते त्यांनी जमेल तिथे वापरलं. लेखापालाच्या निरोप समारंभात संस्कृती गेली, नव्या स्वच्छतागृहाच्या उद्घाटनालाही गेली. टाळ्या दोन्हीकडे सारख्याच पडल्या.

संस्कृतीचं मला ठाऊक नाही. कापसाचं थोडंफार ठाऊक आहे. पुण्याहून दिल्लीला आल्यापासून माझी सगळी नोकरी एका संशोधन संस्थेत कापसाच्या जनुकांवर काम करण्यात गेली, आणि त्यातली अलीकडची वर्षं मिठावर. मी लिहिते आहे ती गोष्ट मात्र माझी नाही, माझ्याकडे पीएच.डी. करणाऱ्या एका मुलीची आहे.

ती अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातली. पूर्णेच्या खोऱ्यातल्या या पट्ट्यात जमिनीखालचं पाणीच खारट असतं. विहीर खणली तरी ते पाणी पिकाला देता येत नाही, दिलं तर जमीन आणखी बिघडते. तिच्या गावात पाहुण्याला चहा देताना ‘गोड्या पाण्याचा आहे’ असं सांगायची पद्धत होती. पहिल्या दिवशी प्रयोगशाळेतलं फिल्टरचं पाणी पिऊन ती म्हणाली, “मॅडम, तुमच्या दिल्लीचं पाणी लय फिकं लागते.”

“सवय होईल.”

“नको. सवय झाली तं घरी गेल्यावर पंचाईत.”

करोलबागेजवळच्या एका चौथ्या मजल्यावर ती राहायची. खोलीतल्या बाकीच्या दोघी मराठवाड्यातल्या, स्पर्धा परीक्षा देणाऱ्या. त्या हिला ‘कपाशी’ म्हणायच्या, आणि ही त्यांना ‘कलेक्टरीणबाई’. तिघींपैकी कुणाचं आधी काहीतरी होईल यावर त्यांच्यात पैज होती.

मिठाचा मार दुहेरी असतो. आधी मुळाशी पाणी असूनही झाडाला ते ओढता येत नाही. भरल्या माठाशेजारी तहानलेलं बसल्यासारखं. मग सोडियम हळूहळू पानांत साठत जातं आणि पान कडेने करपत आत येतं. झाडंही गप्प बसत नाहीत. काही मुळातूनच सोडियम बाहेर फेकतात, काही ते पेशीतल्या एका कप्प्यात कोंडून ठेवतात, काही खोडातून वर चढणाऱ्या रसातून ते परत खाली खेचून घेतात, म्हणजे पानांपर्यंत पोचायला नको. यातल्या प्रत्येक कामाला एखादं प्रथिन लागतं आणि प्रत्येक प्रथिनामागे जनुक असतं. वर्तमानपत्रांना वाटतं तसं ‘मिठाचं जनुक’ असं एकच काही नसतं. खूपशी जनुकं असतात आणि प्रत्येकाचा वाटा थोडाथोडा.

कापसात आणखी एक भानगड. आपण पेरतो तो बहुतेक कापूस फार पूर्वी दोन वेगळ्या जातींच्या संकरातून झाला आणि त्याने दोन्हीकडचा सगळा संसार ठेवून घेतला. त्यामुळे बरीचशी जनुकं दोन-दोन संचांत असतात. एक रजेवर गेलं तर दुसरं त्याचं टेबल सांभाळतं. सरकारी कार्यालयापेक्षा ही व्यवस्था चांगली, पण नेमकं कोण काम करतंय हे शोधणाऱ्याचा जीव जातो.

समुद्रकाठी, खाऱ्या वाऱ्यात वाढणाऱ्या एका रानकापसाच्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा, हा तिचा विषय. त्या तुकड्यावर रसातून सोडियम मागे खेचणारं एक जनुक आहे असा आमचा कयास होता. तिच्या आधीच्या विद्यार्थ्यांनी हा रानकापूस नेहमीच्या जातीशी पिढ्यानपिढ्या संकर करत आणला होता. दरवेळी फक्त तेवढा तुकडा राखायचा आणि रानटीपणाचं बाकी सगळं गाळून टाकायचं. शेवटी तिच्या हातात बियाण्याच्या जोड्या आल्या, बहिणी-बहिणींसारख्या. एकीत तो तुकडा आहे, दुसरीत नाही, बाकी सगळं सारखं. मीठ दिल्यावर तुकडेवाली बहीण जास्त टिकते का? एवढाच प्रश्न. होय किंवा नाही.

उत्तर त्याच उन्हाळ्यात यायला हवं होतं. तिची शिष्यवृत्ती एकदा वाढवून झाली होती, पीएच.डी.च्या नोंदणीचं ते शेवटचं वर्ष होतं, आणि कापूस कुणाच्या नोंदणीकडे बघून वाढत नाही. त्या हंगामातल्या कुंड्या गेल्या की सगळंच गेलं, हे ती जाणून होती. मीही.

कुंड्या जाळीघरात होत्या, वर पारदर्शक छप्पर. अर्ध्यांना साधं पाणी आणि अर्ध्यांना मोजून मीठ घातलेलं. पानं कापून त्यातलं सोडियम मोजायचा दिवस येईपर्यंत त्या अर्ध्यांना गोडं पाणी अजिबात द्यायचं नाही. हा प्रयोग बाहेरच्या माणसाला समजावणं अवघड असतं, कारण तो झाडं मरावीत म्हणूनच केलेला असतो. कोण आधी मरतं, हाच निकाल. जूनच्या पहिल्या आठवड्यात बऱ्याच कुंड्यांतली पानं कडेने तपकिरी झाली होती आणि त्या मुलीला एवढ्या आनंदात मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

“मॅडम, ह्या दोघी बघा. ही सुकली, ही नाही. पण मी अजून काही म्हणत नाही.”

“मग म्हणू नकोस.”

“म्हणतच नाही मी. फक्त बघते.”

आणि मग पाहुणा ठरला.

आमच्याकडे मोठे पाहुणे वर्षभर येत असतात. हा जरा जास्तच मोठा होता, म्हणजे त्याच्या येण्याची रंगीत तालीम होती. तालमीत पाहुण्याचं काम भांडार विभागाच्या अधिकाऱ्याला मिळालं, कारण अंगकाठी जुळत होती. त्याने ते फार मनापासून केलं. दर ठिकाणी थांबून, हात मागे बांधून, “अच्छा, अच्छा, तो इससे किसान को क्या मिलेगा?” असं विचारलं आणि उत्तर संपायच्या आत पुढे निघाला. खऱ्या पाहुण्याने नंतर अगदी हेच केलं. तालीम उत्तम झाली होती असं म्हणायला हवं.

पाहुण्याच्या वाटेवर किसानांशी संबंधित काहीतरी हवं होतं, म्हणून विभागप्रमुखांनी मिठातला कापूस सुचवला. मग परिपत्रक निघालं की परिसर हिरवागार आणि नीटनेटका दिसावा. आमच्या संस्थेत झाडांचे दोन वर्ग आहेत. एक अभ्यासाची झाडं, ती आमची. दुसरी शोभेची, ती उद्यान विभागाची. ही हद्द कधी कुणी ओलांडत नाही. पण या परिपत्रकात हद्दीचा उल्लेख नव्हता.

शिवाय सुरक्षेसाठी जाळीघराकडचा रस्ता दोन दिवस आधीच बंद झाला. आत कुणाला सोडायचं याच्या यादीत ती नव्हती, मीही नव्हते. आमची नावं फक्त भेटीच्या दिवसासाठी होती. उद्यान विभाग मात्र यादीत होता, कारण कुंड्यांना गेरू लावायचा होता. ती विभागप्रमुखांकडे गेली तेव्हा मी तिथेच भाषणाचा नवा मसुदा घेऊन बसले होते.

“सर, मुझे अंदर जाना है। पौधों को पानी देना है।”

“अरे, पानी की चिंता मत करो, मैंने बोल दिया है उन लोगों को। अच्छे से दे देंगे।”

“सर, मेरा पानी नमक वाला है।”

“हाँ हाँ,” ते म्हणाले, मसुद्यावरची नजर न हलवता. “दो दिन में क्या बिगड़ता है?”

मी म्हटलं, “सर, साधं पाणी पडलं तर प्रयोग जाईल.” हे मी हिंदीत म्हटलं, आणि त्यांनी लगेच उद्यान विभागाला फोनही लावला. फोन कुणी उचलला नाही. सगळे कुंड्या रंगवायला गेले होते.

विभागप्रमुख वाईट माणूस नव्हेत. एके काळी त्यांनी स्वतः क्षारांवर चांगलं काम केलेलं आहे. पण पाहुणा येणार असला की दिल्लीतल्या माणसाच्या डोक्यातला एक भाग आपोआप बंद होतो, आणि नेमका त्याच भागात त्यांनी ते ज्ञान ठेवलं होतं.

त्या आठवड्यात शहरात पाण्याची बोंब होती. द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत टँकर यायचा तेव्हा निवृत्त सहसचिव आणि त्यांचा ड्रायव्हर एकाच रांगेत बादल्या घेऊन उभे असायचे. एवढी समता मी तिथे पूर्वी पाहिली नव्हती. संस्थेत मात्र पाहुण्यासाठी गोड्या पाण्याचे टँकर आले. हिरवळीला पाणी मिळालं, गुलाबांना मिळालं, आणि ज्यांना ते मिळायलाच नको होतं त्या कापसालाही मिळालं. उद्यान विभागाने काम चोख केलं. सुकलेली पानं खुडली. पाइप लावून कुंड्या इतक्या भिजवल्या की खालच्या भोकांतून पाणी वाहिलं आणि पाण्याबरोबर मीठही. कुंड्यांना गेरू लावला, काठाला चुन्याची पट्टी ओढली, काड्यांवर अडकवलेली आमची प्लास्टिकची लेबलं काढून एका बादलीत नीट ठेवली, आणि झाडं उंचीप्रमाणे रांगेत लावली. बुटकी पुढे, उंच मागे. शाळेच्या फोटोत असतात तशी.

हे आम्हाला भेटीच्या सकाळी कळलं. तिने मोरपंखी साडी नेसली होती, खोलीतल्या एका कलेक्टरीणबाईची, मुलाखतीसाठी राखून ठेवलेली. आम्ही जाळीघरात शिरलो आणि ती दारातच थांबली. समोर हिरवीगार, टवटवीत झाडं. ती पुढे जाऊन एका कुंडीशी वाकली, मातीत बोट खुपसलं आणि ते जिभेला लावलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं. माझी चव घ्यायची हिंमत झाली नाही, पण गरजही नव्हती.

“धुतली मॅडम,” ती म्हणाली. “सगळी धुऊन टाकली.”

मग पाहुणा आला. त्याच्याबरोबर बरीच माणसं आली, त्यातली निम्मी उलटी चालत होती, कारण त्यांच्या हातात कॅमेरे होते. विभागप्रमुखांनी संस्कृतीचं वाक्य म्हटलं. पाहुण्याने झाडांकडे पाहिलं आणि तो खरोखर खूश झाला. मिठाच्या पाण्यातली झाडं आणि एवढी हिरवी! त्याने तिला पुढे बोलावलं.

“बेटा, कितना नमक है इसमें?”

जाळीघरातल्या सगळ्यांना उत्तर पाठ होतं. भांडार अधिकाऱ्यालाही होतं. ती म्हणाली, “सर, अभी इसमें नमक नहीं है।”

विभागप्रमुखांनी घसा साफ केला. मला वाटलं, आता पाहुणा विचारील की का नाही, आणि ही सांगेल, आणि निदान एका माणसापर्यंत तरी खरं काय ते पोचेल.

पाहुण्याचा चेहरा उजळला. “यानी सारा नमक पौधा खा गया!” तो मागे वळून म्हणाला. “देखिए, इसे कहते हैं विज्ञान!”

टाळ्या वाजल्या. ती पुन्हा बोलायला गेली, “नहीं सर, वो पानी से…” पण तोपर्यंत पाहुणा पुढच्या दालनात मांडलेल्या मधाच्या बाटल्यांकडे निघाला होता. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘मीठ खाणारा कापूस’ आला. माझ्या पुण्याच्या मावसबहिणीने बातमी मला पाठवली आणि विचारलं, कुंडीत लावला तर बाथरूममधले पांढरे डाग जातील का?

त्यानंतरचे काही आठवडे तिने जे केलं, ते मी फार थोड्या लोकांना करताना पाहिलं आहे. लेबलं बादलीत होती, कुठलं कुठल्या झाडाचं हे कळायला मार्ग नव्हता. तिने प्रत्येक झाडाचं कोवळं पान घेऊन त्यातला डीएनए काढला आणि तुकडा कुणात आहे, कुणात नाही हे पुन्हा शोधलं. सगळ्या बहिणी ओळखल्या गेल्या. पण कुठली मिठाच्या पाण्यावर होती, कुठली साध्या, आणि कुणाचं किती पान करपलं होतं हे कुठल्या डीएनएत लिहिलेलं नसतं. जनुक परत शोधता येतं, वाहून गेलेलं मीठ नाही.

सगळ्यांनाच मग नव्याने मीठ दिलं. पण कापसाचं रोप कोवळं असताना मिठाला हळवं असतं; वाढलं की निबर होतं. आता सगळीच झाडं मोठी झाली होती. तुकडेवाली टिकली, बिनतुकड्याचीही टिकली. आलेख काढला तर दोन रेषा एकमेकींवर बसलेल्या. त्या तुकड्याचा उपयोग नाही, असाही त्याचा अर्थ होत नव्हता. कसलाच अर्थ होत नव्हता.

“फिर लगा लेना अगले साल,” विभागप्रमुख म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

“अगले साल मैं नहीं हूँ, सर।”

“तो कोई और लगा लेगा। विज्ञान रुकता थोड़े ही है।” मग आवाज उतरवून, “वैसे जो उस दिन था, वो भी लिख सकती हो। हरे तो थे।”

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, “मॅडम, हिरवं तं घरामागचं धोतऱ्याचं झाडही हाये.”

मुदतवाढीसाठी आम्ही अर्ज केला. मी सोबत दोन पानांचं स्पष्टीकरण जोडलं, त्यात एकही मोठं वाक्य नव्हतं. समितीचं उत्तर सभ्य होतं. संस्थेच्याच वार्षिक अहवालात हा प्रयोग यशस्वी झाल्याचं नमूद आहे, सबब तो पुन्हा करण्याचं प्रयोजन दिसत नाही. अहवाल उघडून पाहिला तर खरंच नमूद होतं, पाहुण्याच्या फोटोसकट. पाहुणा ज्या झाडाला हात लावून उभा आहे, ते तिने ओळखलं. बिनतुकड्याचं. मागच्या रांगेतलं, उंच.

कापसाने मीठ नेमकं कसं खाल्लं याचा शोध घेण्यासाठी पुढे एक मोठा प्रकल्प मंजूर झाला. त्यात तिला जागा देऊ केली होती. तिने नाही म्हटलं, आणि मी तिला आग्रह केला नाही. प्रकल्प चालू आहे. कापसाने अजून काही खाल्लेलं नाही.

तिची नोंदणी संपली. प्रबंध तीन प्रकरणांवर थांबला, चौथं व्हायचं होतं. खोलीतल्या एक कलेक्टरीणबाई परीक्षेचा नाद सोडून लातूरला परत गेल्या, दुसऱ्या अजून देतात. पैज कुणीच जिंकली नाही.

मागच्या हिवाळ्यात तिचा फोन आला आणि आम्ही कोपर्निकस मार्गावरच्या, आपल्या राज्याच्या जुन्या सदनात जेवायला भेटलो. झुणका आणि भाकरी होती. भाकरी दिल्लीची होती, पण कुणी तक्रार करत नव्हतं. ती आता मानेसरला, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात असते. बीएस्सीला रसायनशास्त्र होतं, ते कामी आलं. कंपनीची बस सकाळी नेते, संध्याकाळी सोडते.

“काम काय असतं?”

“हसाल तुम्ही.” तिने भाकरीचा तुकडा मोडला. “बोल्ट असतात. ते एका पेटीत ठेवायचे आणि आत मिठाच्या पाण्याचं धुकं सोडायचं. किती टिकतात ते बघायचं.”

मी हसले नाही. “आणि?”

“आणि काय, गंजतात. मग लिहायचं, गंजले.”

“नाही गंजले तर? कौतुक होतं?”

“कशाचं कौतुक मॅडम. कुणाचा विश्वासच बसत नाही.” तिने पाण्याचा घोट घेतला, आता तिला ते फिकं लागत नसावं. “बोल्ट नाही गंजला तं पहिले पेटीत मीठ होतं का ते बघतात.”

ते बघण्यासाठी तिथे वेगळा माणूस नेमलेला आहे. बारावी पास आहे आणि रोज सकाळी येतो.